गठ्ठ्यातला शेवटचा फोटो

८ जानेवारी, गुरुवार

बाई नव्हत्या.

जानेवारीतला दुसरा गुरुवार दर वर्षी माझ्या तपासणीचा. सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बसनं इस्पितळात गेलो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच खोलीचं दार वाजवलं. आतून आवाज आला, "या, काका." बाई मला काका म्हणत नाहीत, मास्तर म्हणतात. तेवढ्यावरून कळलं की खुर्चीत दुसरंच कोणी बसलंय. चेहऱ्यावरून मला डोंबल कळणार.

हे बाईंना सगळं पाठ होतं, पण या वहीला माझी काही ओळख नाही, म्हणून लिहितो. मी शिंपी. दुकान होतं, आता नाही. चौतिसाव्या वर्षी सायकलवरून जाताना टेम्पोनं उडवलं आणि डोकं मागून आपटलं. जीव वाचला, हातपाय वाचले, हातातली शिलाई वाचली, फक्त चेहरे गेले. दिसतं सगळं. नाक दिसतं, डोळे दिसतात, समोरचा हसला तर हसलेलं कळतं. पण सगळं मिळून माणूस कोण, ते कळत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा उशाशी बसलेल्या बाईला मी विचारलं होतं, "कोणाला भेटायचंय तुम्हाला?" ती बोलायला लागली तेव्हा कळलं की ही आपली बायको.

तेव्हापासून माणसं आवाजावरून ओळखतो, चालीवरून ओळखतो, आणि धंदा अंगात मुरलेला म्हणून खांद्यांवरून ओळखतो. चारचौघांत निभावून न्यायला माझा एक ठेवणीतला नमस्कार आहे: "नमस्कार, काय म्हणता, सगळं ठीक?" ओळखीच्यालाही चालतो, अनोळखीलाही खपतो.

बाई तेव्हा इस्पितळाच्या मेंदूविभागात नुकत्याच लागल्या होत्या. डोक्याला मार बसल्यावर माणसाचं वागणं कुठे आणि कसं बदलतं, हा त्यांचा अभ्यास. माझ्यावर त्यांनी बरंच लिहिलं. त्यात माझं नाव नसतं, नुसतं 'शिंपी'. दूर दूरच्या सभांमध्ये म्हणे लोक विचारायचे, तुमचा शिंपी कसा आहे?

तपासणी म्हणजे फोटोंचा गठ्ठा. केस आणि कान कापून टाकलेले नुसते चेहरे. पुढारी, नट, माझी बायको, माझी आई, आणि मध्येच कुठेतरी बाईंचा स्वतःचा. दर वर्षी गठ्ठा पिसायच्या. एकेक फोटो टेबलाच्या कडेला अगदी काटकोनात ठेवायच्या, शेजारी दोन बोटं हलकेच आपटायच्या, आणि थांबायच्या. कधी घाई नाही. नाही ओळखला तर फोटो उलटा करून डावीकडे. ओळखला तर सुलटा, उजवीकडे. एकतीस वर्षांत उजवीकडे काही गेलं नाही. नुसता पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याचा कार्यक्रम. मी कंटाळून एखादं नाव ठोकून दिलं तर म्हणायच्या, "तुक्का नको, मास्तर. खात्री असेल तरच." आणि शेवटी सांगायच्या, "बारावा फोटो माझा होता. गेलं माझं नाव पाण्यात!" मग दोघंही हसायचो.

नवी डॉक्टरीण चांगली आहे. आवाज पातळ, बोलणं भरभर. "त्या आता येत नाहीत," म्हणाली. का, विचारलं तर म्हणाली, ते सांगता येणार नाही. एकेका माणसाचा असा वर्षानुवर्षं अभ्यास आता बंद. नवा प्रकल्प हजारो लोकांचा. एकदा स्कॅन, मग दोन-तीन गुरुवार टॅब शिकायचा, आणि पुढे घरबसल्या आपली आपण तपासणी.

"मग इथे कधी यायचं?" मी विचारलं.

"यायची गरजच नाही, काका!" आनंदाची बातमी द्यावी तसं बोलली बिचारी.

एकतीस वर्षं, आणि जाताना एक निरोप नाही. फोटोंनंतर बाई विचारायच्या, "हं, आता सांगा, वर्षभरात काय काय घोटाळे केलेत?" मग दुपारभर ऐकायच्या. यंदाचे घोटाळे पोटातच राहिले, म्हणून दुकानातली उरलेली मापांची वही काढलीय.

११ जानेवारी

लेकाचा फोन. व्हिडिओ लावतो आणि पहिलं वाक्य न चुकता, "बाबा, मी बोलतोय." त्याच्या आईनं लावलेली सवय. पुन्हा तेच: इकडे या राहायला, एकटे काय करता तिथे. दर वेळी माझं उत्तर ठरलेलं असतं, "माझी तपासणी असते." आज ते तोंडाशी आलं आणि तिथेच अडकलं.

ही गेली त्याला चार वर्षं झाली. ती असताना बाहेर काही अडायचं नाही. समोरून कोणी आलं की कानात कुजबुजायची, "दूधवाल्याची बहीण. मुलाचं लग्न झालंय, विचारा." आता मी माणसांतून डोळे मिटल्यासारखा जातो. ज्यांच्यापुढे ओळखल्याचं नाटक करावं लागत नव्हतं अशी दोनच माणसं होती. त्यातली एक बाई.

१५ जानेवारी

आज बोगद्यात घातलं. धडाडधूम आवाज आणि समोर पडद्यावर चेहरेच चेहरे. मी आत गाढवासारखा पडून, आणि बाहेर म्हणे मेंदूचे रंगीत नकाशे उमटतात.

हे यंत्र आलं तेव्हाचे बाईंचे शब्द आठवले. सुरुवातीला त्या कागद-पेन्सिल आणि लाकडी ठोकळ्यांवरून सांगायच्या, मार कुठे बसलाय ते. लोक वाहवा करायचे. मग यंत्रं आली, तीच दाखवायला लागली. कानामागून आली आणि तिखट झाली. मी म्हटलं, बाई, तुमची नोकरी गेली आता. त्या म्हणाल्या, "अर्धी गेली, मास्तर. बिघाड कुठे हे आता मला कोणी विचारणार नाही. तो बिघाड घेऊन माणूस बाजारात कसा जातो, घरात कसा राहतो, ते विचारतील. तेच विचारायला हवं होतं खरं तर."

स्कॅननंतर नव्या डॉक्टरणीशी वाद घातला. म्हटलं, आयुष्यभर मापं घेतलीत मी. हजार जणांच्या सरासरी मापाचा शर्ट शिवलात तर तो कोणालाच बसायचा नाही. माझ्या मते मी बिनतोड बोललो होतो.

ती म्हणाली, "पण तयार कपडे तर सगळेच घालतात ना, काका?"

तयार कपड्यांनीच माझं दुकान बुडवलं. पुढे तिनं नीट समजावून सांगितलं. एकट्या माणसात दिसलेली गोष्ट मारामुळे आहे की तो मुळातच तसा होता, हे सांगता येत नाही. आणि चेहऱ्यांचं काम मेंदूतल्या एका ठिकाणी चालतं असं पूर्वी वाटायचं, आता वाटतं बरीच ठिकाणं आणि मधले रस्ते मिळून करतात. रस्ते मोजायचे तर पुष्कळ माणसं लागतात. पटलं मला. पटलं म्हणून बरं वाटलं असं मात्र नाही.

बाहेर बाकावर बसलो होतो. शेजारच्या खोलीत वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवतात, तिथली एक पेशंट येऊन बसली. पांढरे बारीक कापलेले केस, डाव्या हातात काठी, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. एकदम तिनं काठी भिंतीला लावली आणि माझी बाही धरली. मी आपला ठेवणीतला नमस्कार काढला, "नमस्कार, काय म्हणता, सगळं ठीक?" तिनं बाही सोडली. डोळे भरून आले होते तिचे. आजारात माणसं हळवी होतात.

१९ जानेवारी

किराणा दुकानात एका गृहस्थाशी बराच वेळ हवापाण्यावर बोललो. नंतर वरच्या मजल्यावरच्या शेजारणीनं सांगितलं की तो दुकानात लावलेला आरसा होता.

असं झालं नाही. पण बाईंना सांगितलं असतं तर क्षणभर त्यांनी खरं मानलं असतं, आणि मग म्हणाल्या असत्या, "थापा नको, मास्तर, नोंद खराब होते." खरं एवढंच की आज दिवसभरात मी कोणाशीही बोललो नाही.

२२ जानेवारी

टॅब शिकलो. चेहरा येतो, खाली चार नावं, एकावर बोट ठेवायचं. चुकलं की टॅब टुंग करतो. बाई कधी टुंग करत नव्हत्या.

बाकावरची आजही होती. कोटाची बटणं एक घर चुकलेली, एका हातानं लावलेली असणार. शिंप्याला हे बघवत नाही. विचारलं, "नीट करू का?" तिनं जुन्या गिऱ्हाइकासारखी हनुवटी वर केली. मी सगळी काढून पुन्हा लावली. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं उतरलाय, त्यामुळे कोट तिकडून घसरतो. म्हटलं, आत एक पॅड घातलं तर बसेल नीट. ती माझ्याकडे बघत राहिली. अशी टक लावून बघणारी माणसं मला आवडत नाहीत, कारण बहुतेक वेळा ती ओळखीची निघतात. पण हिचा आवाज नाही, चाल फरपटती, खांदा असला. असल्या खांद्याचं माझ्या ओळखीत कोणी नाही.

बाईंचे खांदे एका रेषेत होते. पांढरा कोट मीच शिवला होता, आत घड्याळासाठी कप्पा. केसांचा हा मोठा अंबाडा, आणि त्यात पेन्सिल खोचलेली. मग खोलीभर पेन्सिल शोधायच्या.

२४ जानेवारी

टॅबवर पहिली तपासणी एकट्यानं केली. चाळीस चेहरे. संपल्यावर पडद्यावर आलं: 'छान! धन्यवाद!' नऊ बरोबर म्हणे. चारांतून एक बोट ठेवायचं, तर नऊ माकडाचेही येतील. "तुक्का नको" म्हणणारं कोणी नाही, म्हणून मी तुक्के मारले.

डॉक्टरीण म्हणाली होती, जगात तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. मार न बसताही जन्मापासून चेहरे न कळणारे कितीतरी निघाले. त्यांना वाटायचं सगळ्यांचं असंच असतं. इंटरनेटवर एकमेकांना सापडले आणि मग अभ्यासकांना सापडले. म्हणजे घरोघरी मातीच्या चुली. ऐकून आनंद व्हायला हवा होता. पण मला वाटलं, एवढी वर्षं मी 'तो शिंपी' होतो, आता चाळीस चेहऱ्यांपुढे बसलेल्या हजारांतला एक. खोटं कशाला लिहू, वाईट वाटलं.

२९ जानेवारी

आज माझी जीभ सुटली.

डॉक्टरणीला पुन्हा विचारलं, बाई कुठे आहेत. पुन्हा तेच, नियम आहे काका, कोणाविषयी काही सांगता येत नाही. म्हटलं, "मी काय पेपरवाला आहे? माझं डोकं त्यांच्याइतकं माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. गरज सरो, वैद्य मरो असं म्हणतात. इथे गरज सरली आणि पेशंटच मेला!" ती बिचारी नुसती दाराकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, बाहेर जरा वेळ बसून जा ना."

बसलो कुठला, तरातरा निघालो. बाकावरचीनं काठी आडवी घालून वाट अडवली, मग ती मांडीवर टाकून पुन्हा बाही धरली. मी तिच्यावरच उखडलो. "अहो, का लागलात माझ्या मागे? मी नाही ओळखत तुम्हाला. मी कोणालाच ओळखत नाही!"

माझ्या आवाजानं सगळा मजला वळून बघायला लागला. तिनं बाही सोडली, पण या खेपेला रडली नाही. डोकं जरा तिरकं करून माझ्याकडे बघत होती, माणूस काहीतरी मोजतो तशी.

१ फेब्रुवारी

लेकाला सांगितलं, येतो. फार आनंद झाला त्याला, सुनेला हाक मारली, नातीला फोनसमोर आणलं. "आजोबा, मी बोलतेय," ती म्हणाली. तिलाही शिकवलंय. फोन ठेवल्यावर मशीनवर जाऊन बसलो. ही गेल्यावर रडलो नव्हतो इतका रडलो.

आता गुरुवारी टॅब परत करायचा आणि संपलं. त्या बाकावरच्या पेशंटवर उगाच आग पाखडली, ते मनाला लागून राहिलंय. कापूस आणि अस्तर काढून खांद्याचं एक पॅड शिवलं. देईन आणि माफी मागेन.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते झालं तसंच लिहितो.

टॅब परत केला. डॉक्टरीण म्हणाली, घाई नव्हती काका. मग कपाटातून एक पुठ्ठ्याचं खोकं काढलं. "जुनं सामान टाकायला काढलंय. हे टाकवलं नाही मला. तुम्ही ठेवाल?" आत फोटोंचा गठ्ठा होता. कडा मऊ झालेल्या, कोपरे माझ्या घामाच्या बोटांनी काळे पडलेले.

खोकं घेऊन बाहेर आलो. बाकावरची तिथेच होती. शेजारी बसलो, म्हटलं, "परवा चुकलं माझं. माझं डोकं अधू आहे, त्यात जीभही घसरली." पॅड दिलं. तिनं ते गालाला लावून बघितलं, मांडीवर ठेवलं आणि डावा हात माझ्या खोक्यात घातला. मी अडवलं नाही. म्हटलं, बघू दे, करमणूक.

तिनं खोक्याचं झाकण आमच्या मध्ये बाकावर ठेवलं, टेबलासारखं. त्यावर एक फोटो ठेवला, बोटानं ढकलत ढकलत झाकणाच्या कडेला काटकोनात आणला. मग शेजारी दोन बोटं हलकेच आपटली. आणि थांबली.

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "माहीत नाही."

तिनं फोटो उलटा केला आणि डावीकडे ठेवला.

दुसरा फोटो. काटकोन, दोन बोटं, थांबणं. मी माहीत नाही म्हटलं, तो उलटा होऊन डावीकडे गेला. तिसऱ्याला माझ्याच्यानं काही बोलवेना. ती थांबली. घाई नाही. इतका वेळ माझ्यासाठी जगात एकच माणूस थांबायचं.

मग तिनं सगळा गठ्ठा मांडीवर ओतला आणि एकेक बाजूला सारत, शोधून, एकच फोटो काढला. झाकणावर ठेवला, सरळ केला. दोन बोटं आपटली. चेहरा कसला होता ते मला आजही सांगता येणार नाही. दोन डोळे, एक नाक.

मी वर बघितलं. अंबाडा नाही. आवाज नाही. खांदा उतरलेला, पाय फरपटता. ज्या ज्या खुणेनं मी त्यांना ओळखायचो ती एकेक खूण आजारानं नेली होती. आणि चार गुरुवार त्या माझ्या शेजारी बसून होत्या, आणि मी त्यांना काय म्हणता, सगळं ठीक विचारत होतो.

स्वतःकडे बोट दाखवायला त्यांना एक क्षण लागला असता. दाखवलं नाही. तपासणीत सुचवायचं नसतं.

"हा तुमचा फोटो आहे, बाई," मी म्हणालो.

भुवया वर गेल्या. यानंतरचा त्यांचा प्रश्न मला पाठ आहे: तुक्का की खात्री?

"खात्री," मी म्हटलं. "चेहऱ्यावरून नाही. तो नाहीच कळत. थांबण्यावरून."

त्यांनी फोटो उलटा केला नाही. डावा हात स्वतःच्या निकामी हातावरून पलीकडे नेला, पार वाकून, आणि फोटो सुलटा, उजवीकडे ठेवला. काहीतरी बोलायला गेल्या. ओठ हलले, गळ्याची शीर ताणली, शब्द काही आला नाही. एकतीस वर्षं मी नाव घेऊ शकलो नाही, आणि आता घेतलं तर त्यांच्यापाशी 'मास्तर' म्हणायला आवाज नाही. मी म्हटलं, "राहू द्या. घाई नाही." मग दोघंही तिथे बसून रडलो, येणारे-जाणारे बघत होते तरी.

डॉक्टरीण दारात उभी होती. म्हणाली, "आम्ही त्यांना विचारलं होतं, काकांना सांगू का. दर वेळी मान हलवून नको म्हणाल्या." म्हणजे शेवटपर्यंत परीक्षा घेतच होत्या. बाईच त्या.

पलीकडच्या खोलीतून त्यांना बोलावणं आलं. तिथे म्हणे चित्रं दाखवून नावं म्हणायला शिकवतात. घरी सरावाला कोणीतरी समोर बसणारं लागतं, आणि बाईंना घरी कोणी नाही. हे मला आज कळलं. दुपारभर माझे घोटाळे ऐकायच्या, आणि तुमच्या घरी कोण कोण असतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

घरी येऊन लेकाला फोन केला. म्हटलं, येत नाही रे. वर्षातून एकदा येईन राहायला, पण गुरुवारी परत. तो चिडला. "आता काय अडलंय, बाबा?"

"तपासणी आहे."

"ती तर बंद झाली ना? कोणाची तपासणी?"

"दोघांची," म्हटलं.